आरोग्यमंत्री महोदय, ऑपरेशनचा दर आधी का सांगत नाहीत?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पत्नीला दवाखान्यातून घरी आणलं. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तब्येत आता ठीक आहे. सर्जनबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बिलाबद्दल आहे आणि त्याहून जास्त आपल्या खात्याबद्दल.

आमचा विमा नाही. हिला मधुमेह आहे. जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल असं एजंटने सांगितलं, आणि हप्त्याचा आकडा ऐकून तो विषय तिथेच थांबला. इचलकरंजीत माझं मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. साधं बेअरिंग घेतानाही गिऱ्हाईक तीन दुकानांत दर विचारतं, म्हणून मीही इचलकरंजी, मिरज आणि कोल्हापूर अशी तीन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे 48 हजार सांगितले, दुसरीकडे 75 हजार, तिसरीकडे 'सव्वा लाख धरून चला'. लेखी द्या म्हटलं तर कुणी दिलं नाही. 'आधी अ‍ॅडमिट करा, मग बघू.' सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता: विमा आहे का?

शेवटी जवळचं, 48 हजारवालं गाठलं. जनरल वॉर्डात जागा नव्हती, सिंगल रूम घ्यावी लागली. बिल आलं 83 हजार. खोलीभाडं वाढणार हे मला मान्य होतं. पण सर्जनची फी 18 हजारांची 30 हजार झाली, भूलतज्ज्ञाची वाढली, थिएटरचं भाडंही वाढलं. रुग्ण कुठल्या खोलीत झोपतो त्यावर हे ठरतं म्हणे! थिएटर तेच, दुर्बीण तीच, सर्जनही तेच. खाली 'इतर साहित्य' म्हणून एक मोठी रक्कम होती. तिचा तपशील मागितला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'काका, सिस्टिममध्ये असंच येतं.' विमावाल्याचं बिल कंपनी तपासते, नको तिथे रेघ मारते. रोख भरणाऱ्याच्या बाजूने त्या काउंटरवर कोण उभं असतं, सांगा.

उभं राहायचं होतं आपल्या खात्याने. जानेवारी 2021 मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. मी गेलो त्या तिन्ही ठिकाणी सनदेची पाटी होती, गुळगुळीत कागदावर छापून फ्रेम केलेली. दरपत्रक एकाही ठिकाणी नव्हतं. महापालिकेच्या आरोग्य विभागात फोन केला तर 'लेखी तक्रार द्या' म्हणाले. बायको पोट धरून बसलेली असताना माणूस अर्ज लिहीत बसणार का? नियम आपला, नोंदणी आपण देता, मग तपासणी मी करायची?

आता योजनेचं. जुलै 2023 मध्ये जाहीर झालं की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांचं संरक्षण. रेशन कार्ड घेऊन मी गेलो. उत्तर मिळालं, 'हे ऑपरेशन आम्ही योजनेत करत नाही, सरकारीत जा.' सरकारीत तारीख लांबची. हिच्या कळा तारखेपर्यंत थांबणार नव्हत्या. जाहिरातीतले 5 लाख आमच्या दारापर्यंत आलेच नाहीत.

दर ठरवता येत नाहीत असं कृपया सांगू नका. कोरोनाच्या काळात, मे 2020 मध्ये, याच राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साधी खाट दिवसाला 4 हजार, अतिदक्षता साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह 9 हजार. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस या आरोग्य योजनेत उपचारांचे दर ठरवतंच. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीबिंदूचे आकडे आले: सरकारीत एका डोळ्याला 10 हजारांपर्यंत, खासगीत 30 हजार ते 1 लाख 40 हजार. दवाखान्यांची नोंदणी आणि नियमन यांसाठी 2010 चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, तो महाराष्ट्राने अजून स्वीकारलेला नाही. सरकारं बदलली, मंत्री बदलले, हे काही बदललं नाही. दिवसाला 5 हजारांवरच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी मात्र 2022 पासून चोख वसूल होतो. कर गोळा करताना खोलीचं भाडं सरकारला बरोबर कळतं, दरपत्रक तपासताना कळत नाही. हा राग एकट्या आपल्यावर नाही, पण आज खुर्चीवर आपण आहात.

अनामत भरून घेण्याआधी खोलीच्या वर्गानुसार लेखी अंदाजपत्रक देणं बंधनकारक करा. प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीतल्या रुग्णालयांचे दर संकेतस्थळावर टाकावेत. ज्यांनी दरपत्रक लावलं नाही, त्यांना नोटिसा काढा.

पुढच्या महिन्यात माझ्या मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. त्याचाही विमा नाही. त्याने दर कुठे वाचायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक दुकानदार, इचलकरंजी