यंदा मालवणलाच भेटू

डोंबिवली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणतात, म्हणून लिहितेय. नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी येत नाही. रुसू नका, पुढचं वाचा. तुम्हा दोघांना घेऊन मालवणला जायचं ठरवलंय. खोल्यांचे पैसे भरून झाले आणि ते परत मिळत नाहीत.

'स्वतःचं घर असताना लोकांकडे पैसे देऊन राहायचं?' हे मला इथे ऐकू येतंय. पण बाबा, आम्ही आलो की आई दिसते ती पाठमोरी. सकाळी घावन, दुपारी मासे, संध्याकाळी ओमसाठी खापरोळ्या. निघताना गाडीपाशी येते तेव्हा कुठे तिचा चेहरा धड दिसतो. शिवाय तुम्ही चौथीला सिंधुदुर्ग शिकवलात, शाळेच्या सहली नेल्यात. त्या सहलींचे डबे आईने भरले, किल्ला मात्र कधी पाहिला नाही. विचारलंत तर म्हणेल, 'मला काय करायचंय बघून?' ते खरं धरू नका.

आई, धक्क्यावरून होडीने थोडंसंच अंतर, की आलं कुरटे बेट. जवळ जाईपर्यंत नुसता तट दिसतो. दरवाजा मुद्दाम बुरुजांच्या आड ठेवलाय. १६६४ साली महाराजांनी काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं, वगैरे बाबा सांगतील. थांबवलंस तरी सांगतील. मला तुला दाखवायच्यात त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! आपली विहीर खाडीपासून एवढी लांब, तरी मे महिन्यात मचूळ होते. मग शिवराजेश्वराच्या देवळात हवं तेवढं बस, कोणी उठवणार नाही.

खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळते, हेही विचारून घेतलं. सुहास राजापूरला दारात गाडी आणेल. कसालला वळेपर्यंत म्हणाल तिथे थांबू. दिवाबत्ती आणि गाईचं वैरणपाणी पलीकडच्या काकी बघतील. (त्यांना तुमच्याआधी कळलं, पण त्यांचा होकार आल्याशिवाय तुम्ही हललाच नसतात.) पावसाळ्यात होड्या बंद, मे महिन्यात ऊन आणि आंब्याची कामं, म्हणून डिसेंबर.

आता बाबा, तटावर चढायचं नाही. पायऱ्या उंच आहेत, आधाराला काही नाही. काठी आणायची. गुडघ्यासाठी नव्हे हो, होडीतून उतरताना पाय घसरतो, मीसुद्धा घेणार आहे. लाइफ जॅकेट दिलं की मुकाट घालायचं. 'आम्ही खाडीत पोहून मोठे झालो' हे होडीवाल्याला ऐकवायचं नाही. गणपतीपुळ्याला काय झालं होतं ते आठवा.

आई, होडी हलली की माझा हात धर. एसटी घाटात शिरली की तू पदराची गाठ सोडून आवळासुपारी माझ्या जिभेवर ठेवायचीस आणि 'लांब बघ गं, खाली नको' म्हणायचीस. आवळासुपारी मी आणतेय. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घे. ती निळी साडी घे, कपाटात ठेवून कसर लागेल तिला. आणि लाडू बिलकूल करायचे नाहीत.

बरं, ओमपुरते चार कर.

तुमची,
मनू