टोलेडो रद्द, सेगोविया पक्कं

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. माद्रिदहून टोलेडोला जायचं रद्द केलं आणि तुम्हा चौघांची सेगोवियाची तिकिटं काढली. आधी विचारलं नाही, कारण "गुडघ्याला काय धाड भरलीय?" म्हणून बाबांनी विषय मिटवला असता. टोलेडोत सारखे चढ-उतार आणि खडबडीत फरसबंदी. सेगोविया त्या मानाने सोपं. मला रजा मिळत नाहीये, पण नानाकाका-काकू बरोबर असल्यावर माझी आठवण कुणाला होतेय!

गाडी माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनहून आहे, आतोचा स्टेशनहून नव्हे. सामान तपासतात, म्हणून अर्धा तास आधी पोचा. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि त्यातच २८ किलोमीटरचा एक बोगदा. बाबा, बोरघाटातल्यासारखे मोजत बसायला मिळणार नाहीत.

सेगोवियाचं गियोमार स्टेशन गावाबाहेर उघड्या माळावर आहे. चालत निघू नका, ११ नंबरची बस थेट रोमन जलसेतूपाशी सोडते. सुटी नाणी आईच्या पर्समध्ये. आथोगेखो चौकात तो सेतू साधारण २८ मीटर उंच आहे, ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय रचलेले. बघा हवं तितकं, पण शेजारचा जिना चढायचा नाही! तिथून टॅक्सीने आल्काथार किल्ल्याला जा आणि परत येताना कॅथेड्रलवरून काये रेआल या रस्त्याने चालत या. सुरुवातीला थोडा चढ, मग उतारच. आल्काथारच्या मनोऱ्याला १५२ पायऱ्या आहेत. नानाकाकांना जाऊ दे, बाबांनी खाली बसायचं.

जेवण दीडच्या आत मिळणं कठीण, म्हणून दशम्या बरोबर ठेवा. बाबांची जेवणाआधीची गोळी जेवण मागवल्यावरच. आई, हॉटेलांच्या काचेत भाजलेली अख्खी डुकराची पिल्लं असतात, सरळ पुढे बघून चाल. 'खुदियोनेस' म्हणजे मोठे पांढरे वाल, दिसतात शाकाहारी, पण शिजवतात डुकराच्या मांसाबरोबर. सॅलडमध्येही ट्यूना असतो. "सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून" (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) एवढं काकूंकडून पाठ करून घे, त्यांची जीभ वळते. पोंचे सेगोवियानो हा तिथला केक चौघांत एकच घ्या, बाबांना चमचाभर.

गाव हजार मीटर उंचीवर आहे. माद्रिदमध्ये उकडत असलं तरी स्वेटर घ्यायचाच. परतीची बस गाडीच्या तासभर आधीची धरा. ती चुकली तर टॅक्सी करा, पैशांकडे बघू नका. आणि बाबांचा फोन सायलेंटवर जाऊ देऊ नकोस.

तुमची,
मनू