रंगवलेल्या पुराणकथेचे परीक्षण चित्रे पाहून व्हावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या साहित्य पुरवणीत ग्रीक पुराणकथा आजच्या काळात आणणाऱ्या एका रंगचित्रित ग्राफिक कादंबरीचे परीक्षण नुकतेच वाचले. परीक्षकांनी कथानक नेमकेपणाने सांगितले आहे आणि ग्रीक साहित्याचा त्यांचा व्यासंगही जाणवतो. मात्र ज्या चित्रांतून ही कथा घडते त्यांच्या वाट्याला 'देखणी' या एका विशेषणापलीकडे काहीही आलेले नाही, आणि शेवटी 'मूळ कथा सोपी करून तरुण वाचकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न' असा शेरा मारलेला आहे. चित्र म्हणजे सोपे करणे, ही समजूत मला मनापासून खटकली. निदान ग्रीक कथांच्या बाबतीत तरी ती टिकत नाही.

या कथा खुद्द ग्रीकांनी नुसत्या ऐकलेल्या नव्हत्या. मद्याच्या कुंभांवर आणि पेल्यांवर त्या रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. व्हॅटिकनच्या संग्रहालयात अथेन्सच्या एक्सेकियास या चित्रकाराने इ. स. पूर्व ५४०-५३० च्या सुमारास रंगवलेला एक कुंभ आहे. त्यावर ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि एजॅक्स हे दोन ग्रीक वीर एका ठेंगण्या ठोकळ्यावर वाकून सोंगट्यांसारखा खेळ खेळत आहेत. दोघांच्याही हातात भाले तसेच आहेत. अकिलीसने शिरस्त्राण उतरवलेले नाही, एजॅक्सचे मात्र त्याच्या पाठीमागे ढालीवर ठेवलेले आहे. त्यांच्या अंगरख्यांवरची नक्षी काळ्या रंगातून टोकदार हत्याराने कोरून काढलेली आहे, आणि ती इतकी बारीक आहे की तिच्यापाशी नजर अडकून राहते. अकिलीसच्या तोंडापासून निघालेला शब्द आहे 'चार', एजॅक्सच्या तोंडापासून निघालेला 'तीन'. संवादाच्या फुग्याची चौकट तेवढी काढायची राहिली आहे! हे दोघेही ट्रॉयहून जिवंत परतणार नाहीत, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे ते दोन साधे आकडे वाचतानाही मन हलते. विशेष म्हणजे हा प्रसंग ट्रॉयच्या युद्धाची गाथा गाणाऱ्या होमरच्या काव्यात नाही, आणि आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही प्राचीन ग्रंथातही तो सापडत नाही. आपल्यासाठी तो चित्रातच आहे. इथे चित्रकाराने मूळ कथा सोपी केली, असे कोणी म्हणेल का?

'आजच्या काळात आणल्याने मूळ कथेला धक्का बसतो' हा आक्षेपही त्या परीक्षणात सूचित झाला आहे. एक्सेकियासने आपल्या वीरांना चढवलेले चिलखत त्याच्या स्वतःच्या काळातले होते. कवींनीही कथा आपापल्या परीने बदलल्या. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा थीब्ज नगरीचा राजा ईडिपस सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो, ही प्रसिद्ध कथा; पण होमरच्या 'ओडिसी'त तो सत्य उघड झाल्यावरही थीब्जवर राज्य करीत राहतो, आणि डोळे फोडून घेतल्याचा तिथे उल्लेख नाही. गायक ऑर्फियस मृत पत्नी युरिडिसीला परलोकातून परत आणताना, मागे वळून न पाहण्याची अट मोडून पाहतो आणि तिला कायमची गमावतो, ही आपल्या ओळखीची कथा. पण तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'सिम्पोजियम' या ग्रंथात देवांनी त्याला पत्नीची केवळ छाया दाखवून परत पाठवले, असे सांगितले आहे. तेव्हा 'मूळ कथा' म्हणून बोट ठेवायचे तरी कशावर?

ऑर्फियसच्या याच कथेवरून इटालियन लेखक आणि चित्रकार दिनो बुत्साती यांनी १९६९ साली 'पोएमा आ फुमेत्ती' ही चित्रकादंबरी केली. शब्द त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. ऑर्फियस इथे ओर्फी नावाचा मिलानमधला तरुण गायक आहे. त्याची प्रेयसी एउरा विया सातेर्ना या कल्पित रस्त्यावरच्या भिंतीतील एका लहानशा दारापलीकडे नाहीशी होते आणि तो तिच्यामागे जातो. आत त्याच्याशी बोलतो तो परलोकाचा रखवालदार म्हणजे नुसता कोट आहे; कोटाच्या आत कोणीच नाही. 'रिकामा कोट बोलू लागला' हे वाक्य वाचून कदाचित हसू येईल. पण चित्रात त्या कोटाला जिथे चेहरा असायला हवा तिथे आपली नजर पुनःपुन्हा जाते आणि तिला काहीच सापडत नाही. मृत्यू म्हणजे काय, हे त्या शोधात शब्दांवाचून कळते. तिथल्या मृतांना आता मरणाचे भय उरलेले नाही, म्हणून ओढही उरलेली नाही. या मृतांनी जे गमावले त्याचे गाणे ओर्फीने गावे, असे त्यांना वाटते. परीक्षण करताना हा आशय सांगायलाच हवा. पण त्या कोटाविषयी न लिहिता तो सांगितला, तर अर्धे पुस्तक हातातून निसटते.

रंगवलेल्या कादंबरीची रीत रेषेच्या चित्रकथेहून वेगळी असते. पुष्कळ चित्रकथांत पेन्सिल, शाई आणि रंग हे काम निरनिराळ्या व्यक्ती करतात; आधी रेषा, मग तिच्यात रंग. इथे मात्र बाह्यरेषा नसेल तरी चालते, कारण आकार रंगातूनच उभा राहतो. सावलीत बुडालेला चेहरा, कोराच ठेवलेला कागदाचा शुभ्रपणा, दोन पानांत हळूच बदललेला उजेड हे सारे तिथे निवेदन असते. ऑर्फियसला घातलेली अट तर पाहण्याविषयीचीच आहे. चित्रकार त्याला पाठमोरा न दाखवता समोरून दाखवतो आणि मागून येणारी युरिडिसी आपल्याला दिसू लागते, तेव्हा ज्याला पाहण्याची मनाई आहे त्याच्याआधी आपण पाहिलेले असते. लिहिलेल्या कथेत ही अस्वस्थता आणणे फार कठीण आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, अशा पुस्तकांच्या परीक्षणात चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने शीर्षकाखाली यावे, आणि मुखपृष्ठाच्या टिकलीएवढ्या छायाचित्राऐवजी आतले एखादे पान रंगीत व वाचता येईल इतक्या आकारात छापावे. लहान केले की अक्षरे पुसट होतात आणि कुंचल्याचे फटकारे दिसेनासे होतात. पानाची निवड परीक्षकांनीच करावी: ज्या पानावर ते स्वतः सर्वाधिक वेळ थांबले ते पान, आणि ते तिथे का थांबले याविषयी निदान एक परिच्छेद.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक