मोडी वाचणाऱ्या ताईंना जाहीर आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या दोघांच्या मागे कोणी नाही. घरातल्या जुन्या ऐवजाचं काय करावं विचारलं की एकतर सोनाराचं नाव निघायचं, नाहीतर भंगारवाल्याचं. तुम्ही वेगळी वाट दाखवलीत. तशी घरं पुष्कळ आहेत, म्हणून तुमचे आभार चारचौघांत, तपशिलासकट मानतो.

तुम्ही आधी भांडी घासणं थांबवायला लावलंत. घंगाळाच्या काठाशी बॅटरी तिरपी धरलीत, तेव्हा टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव आणि 'शके'पुढचे आकडे उमटले. चिंच-मिठाने घासून घासून हीच अक्षरं बुजतात, आणि नाव गेलं की उरतं ते फक्त किलोच्या भावाचं तांबं. संग्रहालयाला वस्तू नेऊन दाखवण्याआधी पत्र, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आणि वस्तू कोणाची, कुठल्या गावची, कशासाठी वापरात होती एवढं पाठवा, हा तुमचाच सल्ला. तशाच वस्तू संग्रही असतील तर नकार येतो. 'कायम मांडून ठेवा' अशी अट घातली तरीही बहुधा येतो. म्हणून दानपत्र विनाअट लिहायचं, पण पोच मात्र यादीसकट घ्यायची.

सगळ्यात जीव लावलात तो मोडी कागदांच्या रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला. गाठ सोडली तरी आतला क्रम हलू दिला नाहीत, कारण कुठला कागद कुठल्या व्यवहाराचा, हे शेजारच्या कागदावरून कळतं. टाचण्या गंजतात, रबर वितळून चिकटतं, चिकटपट्टी पिवळी पडून शाईसकट निघते आणि लॅमिनेशन केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. त्यामुळे नोंदी वेगळ्या चिठ्ठ्यांवर, शिसपेन्सिलीने. असे कागद सांभाळणारं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यातच आहे आणि संस्कृत पोथ्यांसाठी १९१७ पासून भांडारकर संस्था, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला फक्त नावापुरतं ठाऊक होतं.

जुन्या पैठण्या त्यांची जरी जाळून चांदी काढणाऱ्यांच्या हाती जाणार होत्या. त्या नमुना म्हणून विणकराकडे पोचवल्यात. तोवर धुतलेल्या मलमलीत गुंडाळायच्या, प्लास्टिक नको, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही आणि दर काही महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. देवघरातले टाक त्याच कुलदैवताच्या भाऊबंदांकडे गेले. त्यात दुसरा विचारच नको होता.

परदेशातल्या स्नेह्यांना समई पाठवण्याआधी तुम्ही अडवलंत, त्याचेही आभार. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. मोलाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात.

आणि हे सगळं आम्ही हयात असतानाच द्या, हा तुमचा आग्रह फार मोलाचा. हिंदू वारसा कायद्यात मूल नसलं तरी लांबचे नातलग वारस ठरतात. मृत्युपत्र नसेल तर संस्थेला त्या साऱ्यांच्या संमतीची वाट पाहावी लागते, आणि वारस कोणीच नसेल तर मालमत्ता सरकारजमा होते. स्वतःच्या हाताने दिलं की दान तिथेच पुरं होतं.

रुमालातल्या कागदांच्या छायाप्रती तुमच्याकडे आहेतच. मोडी शिकायला येणाऱ्या मुलांना त्यांवर खुशाल सराव करू द्या.

तुमचे ऋणी,
आम्ही दोघं, पुणे