सिम बदललं तरी नंबर आपलाच राहतो, मग माणसं का तुटतात? केंद्रीय आयटी मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार. मी घोटीचा, नाशिक जिल्हा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मंत्र्यांना पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर समजून घ्या. पण मागच्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

सहा वर्षं मी एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीवर पेज चालवत होतो. विषय एकच, कुठल्या गडावर कुठल्या टाक्यात किती पाणी आहे. अलंग, मदन, कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, पुढे पुढे साल्हेर-मुल्हेरपर्यंत. रविवारी वर चढायचं, सुतळीला हातहातभर अंतरावर गाठी मारलेल्या, टोकाला दगड, ती टाक्यात सोडायची आणि ओल्या गाठी मोजायच्या. मग फोटो आणि दोन ओळी : तीन गाठी पाणी, वर शेवाळ आहे, फडक्यातून गाळून उकळून प्या. बास. आंबेवाडीची पोरं फोन करून सांगायची, मुंबई-पुण्याचे ट्रेकर खाली कमेंटमध्ये भर घालायचे. हजारेक नोंदी तरी असतील, मी कधी मोजल्या नाहीत, मोजायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. मार्च ते मे मध्ये या नोंदी बघितल्याशिवाय लोक निघत नव्हते, कारण त्या कातळावर पाणी मिळालं नाही तर माणूस हातचा जाऊ शकतो.

मंगळवारी रात्री गडावर पडलेल्या गंजक्या तोफेचा फोटो टाकला. बुधवारी सकाळी पेज बंद, माझं अकाउंट बंद. मेसेज काय, तर तुम्ही शस्त्रांच्या खरेदी-विक्रीचा नियम मोडला. साहेब, तीनशे वर्षं उन्हापावसात पडलेली तोफ मी कोणाला विकणार? तक्रार केली. तुमच्याच नियमात लिहिलंय की तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरलेल्या दिवसांत. पोच आली, निकाल पण आला, एका ओळीचा, कुठल्या माणसाने वाचून लिहिलाय असं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. पुढे अपील करता येतं हे माहितीये मला. पण अपील जिंकलो तरी मिळणार काय, तर त्याच वाड्याचं तेच दार पुन्हा उघडेल आणि किल्ली त्यांच्याच कमरेला राहील.

त्याच महिन्यात सहा जणांचा ग्रुप वर अडकला. पेज दिसत नाही म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर निघाले, टाकं कोरडं. दोन मुली चक्कर येऊन बसल्या, वाडीतल्या पोरांनी डोक्यावर हंडे घेऊन वर पाणी नेलं तेव्हा त्या खाली आल्या. माझा काय दोष होता यात, पण तीन रात्री झोप लागली नाही मला. बायको म्हणाली सोडून द्या आता हा नाद. कसा सोडू?

पुण्याचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. तो आला आणि मला मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कच्या एका सर्व्हरवर अकाउंट काढून दिलं. मला वाटलं हे आणखी एक अ‍ॅप. तो म्हणाला, मामा, पोस्ट ऑफिस समजा, गावोगावचं वेगळं. प्रत्येक सर्व्हर कोणीतरी वेगळा माणूस किंवा संस्था चालवते, आणि तुमच्या नावाला दोन भाग असतात, एक तुमचं नाव, दुसरं सर्व्हरचं. लांबच्या सर्व्हरवरच्या कोणी तुम्हाला फॉलो केलं की तुमचा सर्व्हर त्याच्या सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये तुमची पोस्ट नेऊन टाकतो. हे टपाल कसं लिहायचं, कसं पोचवायचं त्याचा नियम म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब, डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तो पक्का केला. पिक्सेलफेड फोटोंचं, पीअरट्यूब व्हिडिओचं, तरी मॅस्टोडॉनवरून मी तिथल्या माणसांना फॉलो करू शकतो. हे पहिल्यांदा डोळ्याने बघितलं, दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर बसलेल्या माणसाने माझ्या टाक्याच्या फोटोखाली मराठीत विचारलं की वाट कुठून आहे, तेव्हा मी दुकानात एकटाच होतो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

पण माझे निम्मे ट्रेकर ब्लूस्काय या दुसऱ्या नेटवर्कवर गेले होते, आणि त्याची भाषाच वेगळी, एटी प्रोटोकॉल. तिथे प्रत्येकाच्या पोस्टची एक वही असते, सही केलेली, ती एका सर्व्हरवर ठेवलेली. रिले नावाची यंत्रणा सगळ्यांच्या वह्यांमधलं नवीन लिखाण गोळा करते आणि अ‍ॅप त्यातून तुम्हाला दाखवतं. तुमची ओळख सर्व्हरला बांधलेली नसते, त्यामुळे सर्व्हर बदलला तर वही बरोबर नेता येते. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर येतात पण जुन्या पोस्ट मागे राहतात, हा फरक मला तरी फार मोठा वाटतो, कारण माझं सगळं जुन्या नोंदींमध्येच आहे. तिसरं नॉस्टर, तिथे अकाउंटच नाही, दोन किल्ल्या, एक सगळ्यांना सांगायची, एक जिवापाड जपायची, गुप्त किल्लीने सही करून पोस्ट चार-सहा रिलेंवर, म्हणजे इथे पोस्ट साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरवर, टाकायची. तिथून तुम्हाला कोणी पूर्ण काढून टाकू शकत नाही, पण ती किल्ली हरवली की तुमची ओळख कोणीच परत देऊ शकत नाही.

या वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या मध्ये पूल आहेत. ब्रिजी फेड हा त्यातला मुख्य. मी मॅस्टोडॉनवरून त्या पुलाचं अकाउंट फॉलो केलं की तो ब्लूस्कायच्या बाजूला माझी एक प्रत उभी करतो, माझी पोस्ट त्यांच्या भाषेत करून तिकडे ठेवतो. तिकडच्या माणसानेही तसंच केलं तर त्याचं उत्तर मला दिसतं, नाही केलं तर तो बोलतोय आणि मला ऐकूच येत नाही. आधी विचारा मग जोडा, हा नियम २०२४ च्या सुरुवातीला मॅस्टोडॉनच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून आला, आणि मला तो पटतो, कोणाचं बोलणं न विचारता दुसऱ्या गावात नेऊ नये.

पण पूल म्हटला की काहीतरी सांडतंच. मॅस्टोडॉनवर साधारण ५०० अक्षरं, ब्लूस्कायवर ३००, लांब नोंद तुटते. आणि एकदा तर काळजात धस्स झालं. मी सकाळी टाकलं की दोन गाठी पाणी आहे, दुपारी वाडीतून फोन आला की त्यात जनावर पडून मेलंय, मी लगेच पोस्ट एडिट केली. माझ्या बाजूला बदल दिसला, पुलापलीकडे जुनीच नोंद, दोन गाठी पाणी आहे. एका बाजूला पोस्ट बदलायची सोय, दुसऱ्या बाजूला नाही, त्यात पुलाचा दोष नाही. आता मी एडिट करतच नाही, पाणी बिघडलं की नवीन पोस्ट टाकतो, सगळ्यात वर, तारीख घालून. हे मी अनुभवाने शिकलो. हे पूल एक-दोन माणसांच्या जिवावर चालतात साहेब, उद्या त्या माणसाला ताप आला तर कितीतरी लोकांचं बोलणं थांबेल. माझ्या गावच्या साकवाला तरी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक असतं.

आता तुमच्याकडे येतो. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाइल नंबर पोर्ट करायची सोय झाली. तेव्हा १९ रुपये भरायचे, कंपनी बदलायची, नंबर तोच. त्याआधी कंपन्या म्हणतच होत्या ना की अवघड आहे, खर्चिक आहे. सरकारने सांगितलं आणि झालं. २०१६ ला यूपीआय आलं, माझ्या दुकानात गिऱ्हाईक कुठल्याही अ‍ॅपने पैसे देतं, माझी बँक वेगळी, अ‍ॅप वेगळं, कोणी विचारत नाही. तुमचे सगळे मंत्री जगभर जाऊन यूपीआयचं कौतुक सांगतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. मग जे पैशाला जमलं ते बोलण्याला का नाही? पाचशे रुपये या अ‍ॅपवरून त्या अ‍ॅपवर जातात आणि टाकं कोरडं आहे एवढं वाक्य जाऊ शकत नाही?

आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. २०१८ ला न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने जो डेटा कायद्याचा मसुदा दिला त्यात आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकात होता. २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतलं, आणि २०२३ चा कायदा आला त्यात तो हक्क नाही. दुरुस्त करायचा हक्क आहे, पुसायचा आहे, न्यायचा नाही. कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून काढला, हे मला कोणी सांगेल का? युरोपात तो हक्क २०१८ पासून लागू आहे, आणि मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी दुसऱ्यांना जोडून घ्यावं असा कायदाही त्यांनी केलाय. सोशल नेटवर्कना मात्र त्यांनीही ती सक्ती लावलेली नाही, म्हणजे आपल्याला पहिलं व्हायची संधी होती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर अकाउंट बंद झालं तेव्हा आपल्याकडचे कितीतरी लोक रागाने मॅस्टोडॉनवर गेले होते. बरेचसे परत आले, कारण आपली माणसं जुन्याच वाड्यात होती आणि मध्ये दार नव्हतं. मग ट्विटरसारखंच कू आलं, देशी म्हणून मंत्र्यांनी, सरकारी खात्यांनी अकाउंट उघडली, मराठीत लिहायला लोक गेले. जुलै २०२४ मध्ये कू बंद. तिथे जमवलेली माणसं कोणाला उचलून दुसरीकडे नेता आली नाहीत. वाडा देशी असो की परदेशी, कुलूप तेच. गूगल टॉक हे गूगलचं चॅट पण एकेकाळी एक्सएमपीपी या खुल्या नियमावर दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचं, २०१३ ला हँगआउट आलं आणि ते दार बंद होत गेलं. कंपनीच्या मर्जीवर दार ठेवलं की असंच होणार, म्हणून कायदा पाहिजे.

मला राग याचा येतो की या देशात सामान्य माणसाला प्रत्येक दारात अर्जदार करून ठेवलंय. रेशनकार्डाला अर्ज, सातबाऱ्याच्या दुरुस्तीला अर्ज, लाइट बिल चुकलं तर अर्ज, आणि आता स्वतः लिहिलेली वाक्यं परत मिळवायलाही अर्ज. तक्रार क्रमांक घ्या आणि वाट बघा. तक्रार करायची सोय म्हणजे हक्क झाला का? उठून निघून जाता येणं हा हक्क आहे, आणि निघताना आपलं सामान बरोबर नेता येणं.

तर मागणं असं आहे. २०१९ च्या विधेयकातला तो हक्क परत आणा आणि त्यात फक्त डेटाची झिप फाइल देऊन मोकळं होऊ नका, फॉलोअरही खुल्या प्रोटोकॉलवर नेता आले पाहिजेत. हवामान खातं, आपत्ती व्यवस्थापन, यांचे इशारे सरकारच्या स्वतःच्या सर्व्हरवरून निघू द्या, नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केलाय, आपल्याकडे त्याहून जास्त इंजिनिअर आहेत. पूल बांधणाऱ्यांना सरकारी पैसा द्या. आणि पाचशे माणसांचा सर्व्हर चालवणाऱ्या पोराला ५० लाख युजरवाल्या कंपनीच्या मापाने मोजू नका.

माझ्यापुरतं एकच. अकाउंट परत नको मला. कंपनीकडून फक्त त्या सहा वर्षांच्या नोंदी काढून द्या, कुठलं टाकं कुठल्या महिन्यात आटतं ते त्यात आहे, आणि ते पुन्हा मोजायचं तर आणखी सहा उन्हाळे लागतील, माझे गुडघे आता तेवढे नाहीत. येत्या रविवारी कुलंगला जातोय. सुतळी नवीन घेतलीये, गाठी मारून झाल्यात.

आपला,
गडावरच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारा,
घोटी, ता. इगतपुरी