तार गावात आली, भाड्याचे काय?

गावोगावी ब्रॉडबँड पोहोचवणाऱ्या केंद्राच्या ‘भारतनेट’ योजनेच्या सुधारित टप्प्याची बातमी वाचली. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, हे स्वागतार्हच. पण त्याचा भर केबल टाकणे व तिची देखभाल यांवर आहे. आमच्या वाडीला इंटरनेट देतो तो गावातलाच केबलवाला. पावसात फांदी पडून वायर तुटली की रात्री-अपरात्री शिडी घेऊन तोच निघतो. त्याचे कंबरडे मोडते ते शहरातून इथवर बँडविड्थ (इंटरनेटची वहनक्षमता) आणण्याच्या मासिक भाड्याने. शहरात असा खर्च हजारो जोडण्यांत विभागतो, इथे साठ घरांत. ग्रामीण दूरसंचार सेवांसाठीच्या केंद्राच्या ‘डिजिटल भारत निधी’तून अशा छोट्या व्यावसायिकांना या भाड्यात थेट सवलत मिळावी, आणि ती ग्राहकसंख्येवर नव्हे, अंतरावर ठरावी.

– एक वाचक, भोर (जि. पुणे)