पाण्याचे नमुने जमा करण्याबाबत स्मरणसूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने पाण्यातील शिशाच्या तपासणीसाठी दिलेल्या बाटल्या अद्याप अनेकांकडून परत आलेल्या नाहीत. त्या या आठवड्यात भरून जमा कराव्यात. सकाळी उठल्यावर, रात्रभर वापरात नसलेल्या नळाची पहिलीच धार बाटलीत धरावी, कारण नळीतून सुटलेले शिसे याच साचलेल्या पाण्यात सापडते आणि त्याला रंग, वास वा चव काहीच नसते. २०१५ साली अमेरिकेतील फ्लिंट शहराच्या रहिवाशांनी घरोघरी भरलेल्या बाटल्या व्हर्जिनिया टेक या सार्वजनिक विद्यापीठाने तपासल्या आणि नळाचे पाणी दूषित असल्याची लोकांची तक्रार खरी असल्याचे आकड्यांनिशी सिद्ध झाले. म्हणूनच प्रत्येक घराची बाटली येणे मनापासून आवश्यक वाटते. बाटलीवर नमुना घेतल्याची वेळ अवश्य लिहावी.